लेन्स बसते, पण चालत नाही

मेढा
४ जानेवारी २०२५

प्रिय निजाम,

सलाम. फोन केला की तू आठ वेळा 'आं?' म्हणतोस आणि नवव्यांदा 'बरं बरं, ईदला ये' म्हणून ठेवून देतोस. मी विचारलेलं असतं तुझ्या गुडघ्याचं. कानातलं यंत्र तू कपाटात जपून ठेवतोस, हे तुझ्या झिशाननं मला सांगितलं आहे. तेव्हा आता पत्रच लिहितो. बोर्डिंगात एका ताटात जेवलेल्या माणसाला पत्र लिहायला लाज कसली?

बातमी अशी की आपला हंबीरराव गेला. तोच, दोरीवरून तुझी चड्डी पळवायचा तो. चौकात फ्लेक्स लागला, आधार कार्डावरचा फोटो मोठा करून. जन्मभर खिदळत फिरलेला माणूस दहा फूट उंच उभा, आणि चेहरा असा की खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ऐवजी 'माहिती देणाऱ्यास बक्षीस' लिहिलं असतं तरी कुणी हरकत घेतली नसती. मी त्याच्यासमोर उभा राहून हसलो, मग रडलो, मग घरी आलो.

घरी शालू तांदूळ निवडत होती. तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली आहे. बारा मार्चला मिरजेत ऑपरेशन ठरलं आहे. फौजेच्या योजनेत सगळं बसतं, ती काळजी नाही. डॉक्टर म्हणाले, शंभरातले पंच्याण्णव ठणठणीत होऊन घरी जातात. मी तोफखान्यात तीस वर्षं काढली, निजाम. उरलेले पाच कुठं पडतात ते मला ठाऊक आहे.

आणि माझ्याकडे तिचा एक धड फोटो नाही. लग्नातला आहे, तुझ्या अब्बांनी काढलेला. फ्लॅश धरायला तू होतास आणि तो तू उशिरा उडवलास, म्हणून त्यात तिचा फक्त भांग दिसतो. आधार कार्डावरची शालू आत्ताच अटक झाल्यासारखी दिसते. मागच्या दिवाळीत आमच्या धैर्यशीलच्या पोरीनं मोबाईलवर एक काढला, त्यात आजीला मांजराचे कान आहेत. बास, एवढीच संपत्ती. बारा मार्चच्या आत मला तिचा एक फोटो पाहिजे, ती जशी आहे तशी दिसणारा. तिला हे सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.

धैर्यशीलनं कधी तरी हौसेनं घेतलेला कॅमेरा माझ्या ट्रंकेत पडून आहे. निकॉन डी-३१००. सोबत आलेल्या लेन्सनं काढून बघितलं. शालू स्पष्ट येते, मागची कपड्यांची वळणीही स्पष्ट येते, आणि त्यामागची शेजारच्या नाथाजीची म्हैस सगळ्यांत छान येते. मला म्हैस नको आहे. तू स्टुडिओत काढायचास तसं मागचं सगळं धुरकट आणि माणूस तेवढा स्वच्छ, असं पाहिजे. या जुन्या कॅमेऱ्याला कोणती लेन्स बसेल ते कळव.

तुझा,
लालासाहेब


इस्लामपूर
११ जानेवारी

प्रिय लाला,

हंबीररावाचं वाचून वाईट वाटलं. ती चड्डी त्यानं शेवटपर्यंत परत केली नाही.

फ्लॅश मी वेळेवर उडवला होता. वहिनींनी मान उशिरा वर केली.

आता कामाचं, आणि हे नीट वाच. तुझा कॅमेरा त्या कंपनीच्या सगळ्यांत खालच्या पायरीवरचा, तोही जुना. तरी नवा घेऊ नकोस, चेहऱ्याला तो पुरून उरतो. तुला हवी पन्नास एमएमची लेन्स, एक पॉइंट आठवाली. ती म्हैस धुरकट करते. पण तिचे दोन प्रकार मिळतात आणि तिथंच लोक फसतात. जुन्या प्रकाराच्या नावात शेवटी 'डी' असतो. तिच्यात मोटर नसते; कॅमेऱ्यातली मोटर एका स्क्रूनं तिला फिरवते. तुझ्या कॅमेऱ्यात ती मोटरच नाही, पैसे वाचवायला काढलेली आहे. नव्या प्रकाराच्या शेवटी 'जी' असतो. तिची मोटर तिच्या पोटातच असते. तू 'जी' घे. 'डी' तुझ्या कॅमेऱ्यावर खटकन बसेल, पण आपोआप फोकस करणार नाही. दुकानदार 'बसते' म्हणेल. त्याला विचार, चालते का.

वहिनींना खिडकीपाशी बसव, ऊन थेट तोंडावर नको. आणि कशासाठी काढतोयस ते सांगून टाक. बायकांना कॅमेऱ्यापेक्षा लवकर कळतं.

आमच्याकडे स्टुडिओच्या जागेत आता झिशानचं फ्लेक्सचं दुकान आहे. रोज दोन-तीन आधार कार्डं येतात आणि तो ती दहा फुटी करतो. मी आत बसून चहा पितो, बाहेर बघत नाही.

तुझा,
निजाम


मेढा
२७ जानेवारी

प्रिय निजाम,

साताऱ्याला जाऊन लेन्स आणली. 'डी' आणली.

शिव्या द्यायच्या आधी माझं ऐकून घे. दुकानात दोन्ही समोर ठेवल्या होत्या. तुझी ती 'जी' हातात घेतली तर नुसता डबा, फिरवायला एकच कडं. 'डी'ला मात्र दोन कडी, त्यावर बारीक आकडे, अगदी तोफेच्या दुर्बिणीसारखी. हातात घेतल्याबरोबर कळलं की हे काहीतरी जबाबदार काम आहे. शिवाय मी विचार केला, कॅमेरा कोण? डी-३१००. लेन्स कोण? डी. घराणं एकच! आमच्याकडे सोयरीक अशीच जमवतात, आडनाव ऐकलं की अर्धं काम झालं. दुकानातला म्हणाला, "काका, बसती की!" आणि खटकन बसवून दाखवली. तू लिहिलेलं आठवत होतं, पण समोर बसलेली दिसत असताना चालते का विचारणं मला पोरीच्या बापासमोर पोरगी चालवून बघण्यासारखं वाटलं.

जुनी लेन्स त्यालाच देऊन टाकली. आता परत मागितली तर म्हणतो, गेली.

घरी येऊन पाहतो तर कॅमेरा काही केल्या फोटो काढेना. आतल्या पट्टीवर इंग्रजी तीन अक्षरं लुकलुकतात, एफ-ई-ई. म्हणजे फी. मी म्हटलं, फी कसली? लेन्स मी घेतली, कॅमेरा पोराचा, फोटो बायकोचा. नाथाजीला बोलावून दाखवलं. तो एक्याण्णव वर्षांचा आहे, त्याला इंग्रजी येत नाही, पण म्हणाला, "लालासाब, सरकारचं काय तरी आसंल. भरून टाक."

शालूनं विचारलं हे काय आणलं. मी सांगितलं, ज्येष्ठ नागरिक संघासाठी म्हाताऱ्यांचे फोटो काढायचे ठरलंय. तिनं माझ्याकडे बघितलं आणि कणीक मळायला गेली. पटलं असावं.

आता पुढचा हुकूम दे.

लालासाहेब


इस्लामपूर
३ फेब्रुवारी

लाला,

गाढवा. हे पत्र झिशाननं वाचलं आणि 'अब्बा, शेवटच्या ओळी खोडा' म्हणाला, म्हणून त्या खोडल्या आहेत.

फी कुणाला द्यायची नाही. लेन्सवरचं आकड्यांचं मागचं कडं बावीसवर नेऊन ठेव. शेजारी छोटी कळ आहे, ती सरकवून कुलूप घाल. ती अक्षरं जातील. दुकानदारानं हे सांगायला हवं होतं.

आता फोकस तुला हातानं करावा लागेल. पुढचं कडं हळूहळू फिरव. भोकातून बघताना खाली डाव्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका दिसेल. तो स्थिर झाला की समज, नेम बसला. डोळ्यावर नेम धरायचा, नाकावर नाही. समोरचा माणूस हलला की परत पहिल्यापासून. आधी न हलणाऱ्या वस्तूवर सराव कर. नाथाजी चालेल.

तू तोफखान्यात होतास म्हणून आशा आहे.

निजाम


मेढा
१५ फेब्रुवारी

प्रिय निजाम,

नाथाजी चालला. नको तितका चालला.

तुझ्या सांगण्यावरून त्याला अंगणात खुर्ची टाकून बसवला. कडं फिरवत फिरवत मला दहा मिनिटं लागली. तेवढ्यात तो दोनदा झोपला. पण हिरवा ठिपका लागला आणि मी दाबलं, आणि निजाम, काय फोटो आला म्हणून सांगू! भुवईचा केस न् केस. मागची म्हैस म्हणजे नुसता काळा ढग. साताऱ्याला जाऊन प्रिंट काढून आणली. नाथाजी ती घेऊन अख्ख्या गावात फिरला. म्हणाला, "आता मेलो तरी चालंल."

आणि चौथ्या दिवशी तो गेला. झोपेत, काही त्रास नाही. फ्लेक्सला मी काढलेला फोटो लावला. पंचक्रोशीत असा फ्लेक्स झाला नाही. मातीला आलेले लोक आधी फ्लेक्सपाशी थांबत होते. मला दोघांनी हात मिळवला, अशा ठिकाणी बरं नव्हे तरी.

पण परिणाम काय झाला ते ऐक. गावात माझं नाव आता चित्रगुप्त पडलं आहे. गळ्यात कॅमेरा घालून बाहेर पडलो की पारावरची म्हातारी मंडळी उठून चालायला लागतात. ज्यांचे गुडघे डॉक्टरनं संपले म्हणून सांगितलं ते पळतात. सोसायटीचे माजी चेअरमन कंपाउंडवरून उडी मारून गेले. एकटी बनुबाई आपणहून आली, वय अठ्ठ्याऐंशी. म्हणाली, "काढ माझा. सुनंला कटाळलीया मी." काढला. त्याला तीन दिवस झाले. ती ठणठणीत आहे आणि रोज सकाळी दारात येऊन मला जाब विचारते.

हसून घेतलंस? आता माझं ऐक. शालूपर्यंत हे सगळं गेलं आहे. काल कॅमेरा पुसत बसलो होतो, तर ती पदराला हात पुसत समोर आली. "ते माझ्यावर रोखलंसा तर याद राखा. जेवायला घालनार न्हाई." मी म्हटलं, "तुझा कोण काढतंय?" दोन पावलं जाऊन ती धाप लागून थांबली, भिंतीला हात लावून. मला कॅमेऱ्याचं झाकण सापडेना.

पंचवीस दिवस राहिले. माझ्याच चेष्टेत मीच अडकलोय. आता तिच्यावर कॅमेरा धरणं म्हणजे तिला जा म्हणण्यासारखं झालं आहे. काय करू?

लालासाहेब


इस्लामपूर
२० फेब्रुवारी

प्रिय लाला,

हसलो. मग पत्र परत वाचलं आणि हसू गेलं.

तुला एक सांगतो, हे झिशानलाही कधी बोललो नाही. फिल्मच्या काळात रोलमध्ये छत्तीस फोटो असायचे. दिलशादला मी सांगून ठेवलं होतं, छत्तिसावा तुझा. पस्तीस फोटो लग्नाचे काढायचो, एक राखून दुकानात यायचो. मग कुणीतरी पासपोर्टसाठी यायचं, कुणाला सैन्यभरतीसाठी आजच्या आज हवा असायचा. ती आतून म्हणायची, "आधी गिऱ्हाईक." एकवीस वर्षं छत्तिसावा गिऱ्हाइकाला गेला. या तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या मी काढल्या असतील. माझ्या बायकोचा माझ्याकडे मतदार ओळखपत्रावरचा फोटो आहे. त्यात ती नाही. तिच्यासारखी दिसणारी, सरकारवर चिडलेली कुणी बाई आहे.

आमच्यात फोटोला हार घालत नाहीत. मला भिंतीला लावायचाच नव्हता. पाकिटात ठेवायला हवा होता. आता कधी कधी सकाळी उठतो आणि तिची हनुवटी कशी होती ते आठवत नाही. फार भीती वाटते.

म्हणून सांगतो, ज्येष्ठ नागरिक संघ वगैरे बंद कर. तिच्यासमोर बस आणि सरळ सांग की मला तुझा फोटो हवा आहे, मी घाबरलो आहे. जेवायला घातलं नाही तर इकडे ये.

निजाम


मेढा
२ मार्च

निजामभावजी यास्नी शालूचा नमस्कार.

मी सातवी शिकलीया, पन लिवायची सवय ऱ्हायली न्हाई, तवा चुका पोटात घाला. तुमची समदी पत्रं ह्येंच्या ट्रंकंत असत्यात. किल्ली ते घड्याळामागं ठेवत्यात आन त्यास्नी वाटतंय ते फकस्त फौजेला ठावं हाय. मी पयल्यापास्नं समदी वाचली. फ्लॅश तुमीच उशिरा उडवला, मी तितं हुते.

तुमच्या शेवटच्या पत्रावर ह्येंनी मला खरं सांगितलं. तीन दिस तोंड उघडत हुते आन मिटत हुते. शेवटाला म्हनले, "शालू, मला तुझा फोटू पायजे." मी न्हाई म्हनले. लोकांस्नी वाटतंय मी चित्रगुप्ताला भ्याले. तसलं काय न्हाई. नाथाजी एक्यान्नवचा हुता, कॅमेऱ्यानं मेला न्हाई, वयानं मेला.

माझं कारन येगळं हाय. ह्या मानसाची रीत तुमास्नी ठावं हाय. रजा संपत आली की ट्रंक भरायला घ्यायचे. ट्रंक भरूस्तवर जिवाची तगमग, पोरास्नी मिठ्या, मला सतरा येळा हाका. आन एकदा का कुलूप लागलं की निवांत घोरायचे. सकाळी जाताना मागं वळून बघायचे न्हाईत. तीस वरीस मी त्ये बघितलं. आता माझा फोटू मिळाला की ट्रंक भरली. मग मला आत न्हेतील तवा ह्यो मानूस मनातनं मला सोडनार, व्हईल ते व्हईल म्हनून. मला तसं जायाचं न्हाई, भावजी. मी आत आसंन तवा भाईर ह्येंनी आडून बसलं पायजे. "हिचा फोटूबी न्हाई माझ्याकडं, हिनं परत आलंच पायजे" आसं घोकत बसलं पायजे. तवा मी येनार. मला वढून आनायला कोन तरी आडून बसलेलं लागतंय.

दिलशादभाभींचं वाचून मी लय रडले. पन त्या सांगून गेल्या न्हाईत. मी सांगून जातीया आन सांगून येनार हाय.

तर माझं एक काम करा. ह्यो मानूस मला झोपंत गाठील, लय हट्टी हाय. तुमी त्यास्नी लिवा की ही लेन्स ह्या कॅमेऱ्याला चालतच न्हाई, आन तुमच्याकडं मागवून घ्या. लेन्सच्या बाबतीत ते तुमचंच ऐकत्यात, माझं न्हाई.

शालू


इस्लामपूर
५ मार्च

आदरणीय वहिनी,

पत्र दोन रात्री उशाशी ठेवलं. तुम्ही माझ्याकडे जे मागितलं आहे ते देणं मला किती जड आहे हे तुम्हाला कळतं, कारण तुम्ही माझी पत्रं वाचली आहेत. मी ज्या खड्ड्यात पडलो त्यातच मित्राला ढकलायचं, तेही माझ्या धंद्याचं नाव घेऊन.

पण आयुष्य तुमचं आहे, आणि कुणी बाहेर अडून बसावं असं वाटणं यात चूक नाही. लिहितो त्याला. एकच अट, परत यायचं. नाही आलात तर मी लालाला तोंड दाखवू शकणार नाही.

तुमचा भावजी,
निजाम


इस्लामपूर
५ मार्च

प्रिय लाला,

घाईत लिहितो. तुझी लेन्स ताबडतोब काढ. काल इथं एका जाणकाराशी बोललो. 'डी' लेन्स तुझ्या कॅमेऱ्यावर जास्त दिवस राहिली की आतले पितळी दाणे तापतात आणि कॅमेरा कायमचा जातो. मी आधी सांगितलं ते चुकलं. ही लेन्स त्या कॅमेऱ्याला चालतच नाही. एसटीनं पार्सल करून मला पाठव, मी बघतो काय करता येतं ते.

आणि मिरजेला जाशील तेव्हा तिथंच बस. इकडे तिकडे फिरू नकोस.

निजाम


मेढा
७ मार्च

प्रिय निजाम,

लेन्स सकाळच्या गाडीनं पाठवली आहे. कंडक्टरच्या हातात दिली, पेटीवर 'नाजूक' लिहिलं आहे.

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं. कारण काल रात्रीपर्यंत ती चालत होती. शालू झोपली होती, मी दारातून नुसतं बघत होतो, दाबलं नव्हतं. पण तू म्हणतोस तर तसंच असणार. या एका विषयात मी तुझ्याशी कधी वाद घातला नाही.

आता वेळही गेली. धैर्यशील येऊन आम्हाला घेऊन जाणार आहे. कॅमेरा पुढून उघडाच आहे, भोकावर रुमाल बांधून ठेवला आहे. माझ्याकडे तिचा काही फोटो नाही, निजाम. तिनं परत आलंच पाहिजे.

लालासाहेब


इस्लामपूर
१६ मार्च

लाला,

बारा तारखेला काय झालं ते कळवलं नाहीस. झिशान तुझा फोन लावतो, बंद लागतो. धैर्यशीलचा नंबर आमच्याकडे नाही. मी कानात यंत्र घालून चार दिवस बसलो आहे. फोन वाजला तर कळावं म्हणून.

आता लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी खोटं बोललो. पितळी दाणे तापत नाहीत, जाणकार कुणी नव्हता. लेन्स चांगली आहे. वहिनींनी मला तसं लिहायला सांगितलं होतं. का ते त्याच सांगतील. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला, कारण त्या सांगतील की नाही हे मला ठाऊक नाही. जर त्या नसतील तर हा गुन्हा माझा आहे, त्यांचा नाही. मी त्यांना नाही म्हणू शकलो असतो.

लेन्स या पत्राबरोबर परत पाठवतो आहे. काय झालं असेल ते कळव. शिव्या दे, पण कळव.

निजाम


मेढा
३ एप्रिल

प्रिय निजाम,

आहे. घरी आली. आत्ता आत स्वयंपाकघरात सुनेला भाकरी थापायला शिकवते आहे, म्हणजे ओरडते आहे.

फोन मी मिरजेत रिक्षात विसरलो, म्हणून बंद. तुझं पत्र इथं दाराच्या आत पडून होतं, आम्ही परवा आलो तेव्हा वाचलं. उशीर झाला त्याबद्दल माफी नाही. चार दिवस कानात यंत्र घालून बसलास हे चांगलंच झालं.

सगळं तिनंच सांगितलं, वॉर्डात. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी जरा बोलायला लागली, तर पहिलं वाक्य हे की, "घड्याळामागची किल्ली दुसरीकडं ठिवा आता." मग सगळं सांगितलं. पत्रात लिहिलं होतं तेही सांगितलं. मी खूप चिडलो. तिच्यावर चिडता येत नव्हतं, नाकात नळी होती, म्हणून तुझ्यावर चिडलो. बोर्डिंगापासून आजवर तू मला खोटं सांगितलं नव्हतंस आणि सांगितलंस ते लेन्सबद्दल!

पण खरं लिहितो. बारा तारखेला साडेपाच तास मी त्या खुर्चीवर होतो. आधी देवाला हात जोडले, मग तेही सुचेना. शेवटी एकच घोकत होतो, तिनं लिहिलं होतं तेच, शब्द न् शब्द, मला माहीत नसताना. हिचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे, हिनं परत आलंच पाहिजे. लेन्स तुझ्याकडे नसती तर मी फोटो काढलाच असता, झोपेत काढला असता. आणि मग तिथं निवांत बसलो असतो का? बसलो असतो. मला माझी ट्रंक माहीत आहे. त्यामुळे तुला माफ केलं. परत असं केलंस तर इस्लामपूरला येऊन बडवीन.

आता कालचं सांगतो. तुझं पार्सल स्टँडवरून आणून उघडलं, लेन्स बसवली, बावीसवर कुलूप घातलं. शालू आपणहून खिडकीपाशी येऊन बसली. हिरवं लुगडं नेसली होती, केस विंचरले होते. म्हणाली, "काढा आता काय काढायचं ते. आता कुटं जात न्हाई मी."

मी भोकाला डोळा लावला आणि कडं फिरवायला लागलो. ती आधी धूसर होती, मग हळूहळू यायला लागली. निजाम, चाळीस वर्षांत मी तिच्याकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. रजेवर यायचो, खायचो, भांडायचो, जायचो. डाव्या भुवईत तिला एक बारीक खूण आहे, ती कधीची हे मला ठाऊक नाही. हनुवटी थोडी पुढं आहे, हट्टी माणसाची असते तशी. डोळे तपकिरी आहेत. मी आजवर काळे समजत होतो. या 'डी' लेन्सचं हे एक आहे, आपोआप काही करत नाही, बघत राहावं लागतं.

हिरवा ठिपका लागला, अगदी स्थिर. बोट बटणावर होतं. आणि मी दाबलं नाही.

तू काय म्हणशील ते माहीत आहे. तुझी हनुवटीची गोष्ट मी विसरलेलो नाही, उलट तीच आठवून बघत होतो. म्हणून लगेच शिव्या लिहायला बसू नकोस. पण बोट दाबेना. ट्रंकेला कुलूप लावल्यासारखं वाटलं.

तिनं विचारलं, "काढला का?"

मी म्हटलं, "नाही."

"का वं? हुतंय की समदं. मी तर हाललेबी न्हाई."

मी कॅमेरा खाली ठेवला आणि म्हणालो, "ही लेन्स ह्या कॅमेऱ्याला चालतच न्हाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. छातीवर उशी दाबून, टाके दुखतात म्हणून शिव्या घालत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. सून भाकरी टाकून बाहेर धावत आली, तिला वाटलं काहीतरी झालं. डॉक्टरनं तिला इतकं हसू नको म्हणून सांगितलं आहे.

उद्या परत बसणार आहे म्हणते.

तुझा,
लालासाहेब